घरघर : दीर्घ आजारी बालकाच्या श्वासाचा आवाज कसा ऐकावा?

स्मरणिकेसाठी एखादा वैद्यकीय विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. विषय शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणून इंदूरमध्ये काम करताना जे एक वाक्य मी दररोज ऐकत आलो आहे, तेच या लेखाचे निमित्त आहे. "डॉक्टरसाहेब, बाळाची छाती वाजते." मराठी घरांतून ते असे येते, शेजारच्या मालवी किंवा हिंदी बोलणाऱ्या घरांतून "छाती बोल रही है" किंवा "पसली चल रही है" असे येते. धार, झाबुआ, बडवानी, खरगोन या भागांतून आलेल्या आयाबायाही थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

धडधाकट मुलाची छाती सर्दीपडशाने वाजली, तर बहुधा चार-आठ दिवसांत ती आपोआप शांत होते. परंतु ज्या बालकाला जन्मतः हृदयविकार आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, डाऊन सिंड्रोम आहे, स्नायूंचा दुर्बल करणारा आजार आहे किंवा जे अपुऱ्या दिवसांचे जन्मून अनेक आठवडे प्राणवायूवर राहिले आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न निराळा होतो. अशा घरात श्वासाचा आवाज हा नेहमीचाच सोबती असतो. त्यामुळे दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक म्हणजे प्रत्येक आवाजाला दमा समजून वर्षानुवर्षे वाफा आणि प्रतिजैविके देत राहणे. दुसरी म्हणजे "याचे हे नेहमीचेच आहे" असे म्हणून नव्या धोक्याकडे दुर्लक्ष करणे. या दोन्ही चुका टाळण्याचा एक साधा मार्ग आहे आणि तो सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक शब्द, अनेक आवाज

'घरघर' हा आपल्या भाषेतील मोठा सोयीचा शब्द आहे. पण वैद्यकात तोच अडचणीचा ठरतो. नाकातील शेंबडाचा आवाज, घशात साठलेल्या लाळेचा आवाज, स्वरयंत्राचा आवाज आणि फुफ्फुसातील बारीक नळ्यांचा आवाज, असे चार निरनिराळे आवाज आई या एकाच शब्दाने सांगते. यात तिचा दोष नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथील डॉक्टरांनी २००१ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या तान्ह्या बाळांचा श्वास वाजतो, त्यांच्या पालकांना आधी आवाजाचे नाव विचारले, तेव्हा ५९ टक्के पालकांनी 'व्हीझ' हा शब्द वापरला. नंतर त्याच पालकांना आवाजाचे वर्णन करावयास सांगितले, नक्कल करून दाखविली, चित्रफिती दाखविल्या. तेव्हा त्या शब्दावर ठाम राहिलेले पालक केवळ ३६ टक्के उरले. उलट 'रटल', म्हणजे छातीवर हात ठेवला असता जाणवणारी ओलसर खरखर, सांगणाऱ्यांचे प्रमाण दुपटीने वाढले. जे इंग्रजीत घडते ते मराठीत घडणारच.

शब्दांचा हा घोळ आपल्या शास्त्राच्या जन्माइतकाच जुना आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. छातीतील आवाजांना त्यांनी 'राल' हा फ्रेंच शब्द योजला. परंतु सामान्य माणसाला त्या शब्दाने मरणसमयीची घरघर आठवत असे. म्हणून रुग्णाच्या देखत ते 'रॉन्कस' हा लॅटिन शब्द वापरीत. आज आपण केसपेपरवर 'रॉन्काय' लिहितो, त्याचे मूळ हे असे रुग्णाची भीती टाळण्यात आहे.

आपल्या घरगुती मराठीतही वेगवेगळ्या आवाजांसाठी पुरेसे शब्द आहेत. ते नेमके वापरले, तर निम्मे निदान आईच्या तोंडूनच होते. 'घोरणे' म्हणजे नाक व घसा यांतील अडथळा; वाढलेले अॅडिनॉइड, टॉन्सिल किंवा मोठी जीभ ही त्याची कारणे. श्वास आत घेताना येणारा कर्कश, ताणलेला आवाज म्हणजे स्ट्रायडर; त्याचे मूळ बहुधा स्वरयंत्रात किंवा त्याच्या लगत असते. श्वास बाहेर सोडताना येणारी बारीक शीळ म्हणजे व्हीझ. तिचे मूळ छातीतील नळ्यांत. पाठीवर तळहात ठेवल्यावर हाताला लागणारी, खोकल्यानंतर बदलणारी ओलसर 'खरखर' म्हणजे मोठ्या नळ्यांत किंवा घशात साठलेला कफ व लाळ. आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी येणारे 'कण्हणे' हे फुफ्फुसे मिटू नयेत म्हणून बाळाने चालविलेली धडपड असते. कण्हणारे बाळ वाट पाहण्याजोगे नसते, हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

म्हणून माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे की, "घरघर कधीपासून?" या प्रश्नाआधी "घरघर म्हणजे नेमके काय, आवाज काढून दाखवा" असे विचारावे. आवाज श्वास आत घेताना येतो की सोडताना? झोपेत वाढतो की रडताना? दूध पाजल्यावर की पालथे केल्यावर? या चार प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात.

लहानग्यांचाच श्वास का वाजतो?

याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग सर्वांत अरुंद जागी सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या अस्तराला सर्व बाजूंनी केवळ १ मिलिमीटर सूज आली की व्यास २ मिलिमीटर उरतो आणि अडथळा १६ पट होतो. तेवढीच सूज ८ मिलिमीटरच्या मार्गात आली, तर अडथळा जेमतेम तिपटीने वाढतो. आजोबांची सर्दी आणि नातवाची सर्दी एकाच विषाणूची असली, तरी ती एकसारखी नसते ती यामुळेच. शिवाय बाळाच्या श्वासमार्गाची कूर्चा मऊ असते, बरगड्या लवचीक असतात आणि पहिले काही महिने ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते.

जुना आजार, नवा आवाज

प्रत्येक जुना आजार श्वासाला आपल्या पद्धतीने आवाज देतो. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असले की फुफ्फुसांत रक्ताचा पूर येतो आणि फुगलेले हृदय शेजारच्या श्वासनळीला दाबते. त्यामुळे शीळ वाजते. अशा बाळाला दूध ओढता ओढता थांबावे लागते, कपाळाला घाम फुटतो, वजन वाढत नाही. ही तीन लक्षणे विचारली नाहीत, तर त्या शिळेवर दम्याचे औषध सुरू होते आणि मूळ हृदयविकार तसाच राहतो.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत जीभ मोठी, घसा अरुंद व स्नायू शिथिल असतात. त्यांचे घोरणे कौतुकाचे नसते; झोपेत श्वास अडण्याची ती खूण असू शकते. अशा प्रत्येक बालकाची चार वर्षांच्या आत झोपेतील श्वासाची तपासणी व्हावी, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे.

स्वरयंत्राची कूर्चा मऊ असल्याने येणारा आवाज जन्मानंतर काही आठवड्यांतच सुरू होतो, उताणे निजविल्यावर व रडताना वाढतो आणि बहुतेकांत दीड-दोन वर्षांत नाहीसा होतो. मात्र मेंदूचा किंवा स्नायूंचा आजार असलेल्या बालकात तो तसा नाहीसा होईलच, असे गृहीत धरू नये. श्वासनलिकेच्या भिंतीच मऊ असतील, तर दम्याच्या वाफेने त्या अधिकच सैल पडू शकतात. म्हणजेच औषधाने आवाज वाढला, तर तीही निदानाचीच एक खूण होय. आपल्या देशात क्षयरोगाचा विसर पडू देऊ नये. छातीतील सुजलेल्या गाठी श्वासनळीला दाबतात आणि औषधाला दाद न देणारी एकसुरी शीळ महिनोन्महिने वाजत राहते.

सेरेब्रल पाल्सीचे उदाहरण मी थोडे विस्ताराने देतो. चार वर्षांचा एक मुलगा दोन हिवाळे 'दम्यासाठी' वाफा घेत होता. त्याच्या आईला मी दवाखान्यातच त्याला भरविण्यास सांगितले. तिने त्याला मांडीवर आडवे घेतले, मान मागे गेली आणि पातळ वरणभात चमच्याने ओतला गेला. तिसऱ्या घासाला ठसका लागला आणि पाठीवर हात ठेवताच खरखर जाणवू लागली. अन्न व लाळ थोडी थोडी श्वासमार्गात उतरत होती. त्याला टेकून बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, दाटसर अन्न लहान घासांनी भरविणे सुरू झाले. गिळण्याची तपासणी व छातीची फिजिओथेरपी झाली. पुढच्या हिवाळ्यात त्याला फारच थोड्या वेळा वाफ घ्यावी लागली. ज्या मुलांचे गिळणे याहून अधिक बिघडलेले असते, त्यांना पोटातून नळीने आहार द्यावा लागतो. तो पालकांचा पराभव नव्हे, फुफ्फुसांचे संरक्षण आहे.

जुन्या आजाराच्या आड नवा, अगदी निराळा अपघातही लपतो. आपल्या घरांत पोहे, शेव, चिवडा यांवाचून पाहुणचार होत नाही. हृदयविकाराच्या उपचाराखाली असलेली एक बालिका दिवाळीनंतर सतत वाजणाऱ्या छातीसाठी आली. घरच्यांच्या मते तो जुनाच त्रास होता. पण शीळ केवळ उजव्या बाजूस होती. दुर्बिणीतून शेंगदाण्याचा तुकडा निघाला. एकाच बाजूचा आणि अचानक सुरू झालेला आवाज हा सिद्ध होईपर्यंत अडकलेल्या वस्तूचाच मानावा. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत.

आवाज थांबला म्हणजे बरे वाटले असे नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आवाज निर्माण होण्यासाठी हवा वाहावी लागते आणि हवा वाहण्यासाठी बळ लागते. दम्याचा तीव्र झटका आलेल्या मुलाची शीळ एकाएकी थांबली आणि मूल सुस्त झाले, तर नळ्या मोकळ्या झाल्या असे नसून हवाच आत जाईनाशी झालेली असते. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीसारख्या आजारात तर मुलाजवळ जोराने खोकण्याचे, बरगड्या ओढण्याचे किंवा मोठ्याने रडण्याचे बळच नसते. अशाच एका बाळाचे वडील समाधानाने सांगत होते की कालपासून आवाज कमी झाला आहे. बाळ खरोखरच शांत होते. परंतु त्याचे श्वास मोजले तर मिनिटाला ६४ भरले, छाती आत जात होती आणि पोट वर येत होते. त्याला तातडीने दाखल करावे लागले. दुर्बल बालकाचे संकट आवाज करीत येत नाही. म्हणून कानाइतकाच डोळ्यांवर आणि डोळ्यांहून अधिक मोजणीवर भरवसा ठेवावा.

गडचिरोलीचा धडा

मोजणीचे हे महत्त्व महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेमार्फत काम सुरू केले. बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता आणि खेड्यात ना डॉक्टर होता, ना क्ष-किरण यंत्र. त्यांनी लोकांच्याच बोलीतील 'लहाक', 'धापा' हे शब्द आधाराला घेतले. गावातील आरोग्यसेवक व सुईणी यांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे श्वासमापक बनविले. एक मिनिटाची वाळूची घडी उलटी करायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया समजायचा.

'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, उपचाराची सोय असलेल्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५ होते. जे काम अक्षरशत्रू सुईण वाळूच्या घडीने करू शकली, ते मोबाइल हाती असलेल्या शहरी पालकांना निश्चितच जमेल.

मोजण्याची रीत सोपी आहे. मूल झोपलेले किंवा शांत असताना झबले वर करावे आणि पोटाचे वर-खाली होणे पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चारने गुणू नये. तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा आहेत : दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते अकरा महिने ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास.

बऱ्या दिवसाची नोंद

येथे दीर्घ आजारी मुलाच्या बाबतीत एक अडचण उभी राहते. या मर्यादा सर्वसाधारण मुलांसाठी आहेत. हृदयविकाराच्या बाळाचा श्वास बऱ्या दिवशीही जलद असू शकतो. निळेपणा असलेल्या हृदयविकारात बोटावरील ऑक्सिमीटर रोजच ८० च्या आसपास आकडा दाखवीत असेल; उलट दुसऱ्या मुलाचा आकडा ९२ वर येणे हीच नवी आणि गंभीर घटना असू शकते. तेव्हा अशा मुलाची तुलना इतर मुलांशी करण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या बऱ्या दिवसाशी करावी. आणि तो बरा दिवस कोठेतरी लिहिलेला असावा लागतो!

माझी सूचना अशी आहे की, प्रत्येक दीर्घ आजारी बालकाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर पाच ओळी लिहाव्यात : बऱ्या दिवशी झोपेतील श्वासांची संख्या, प्राणवायूचे प्रमाण, नेहमीचा आवाज कोणता व केव्हा येतो, एका वेळचे दूध किंवा जेवण किती व किती वेळात होते, आणि नेहमीची औषधे. त्यासोबत मूल बरे असताना, छाती उघडी ठेवून, अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मोबाइलवर घेऊन ठेवावी. रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयातील तरुण निवासी डॉक्टर या मुलाला आयुष्यात प्रथमच पाहणार असतो. "हा नेहमी असाच असतो का?" या त्याच्या प्रश्नाला थकलेली, घाबरलेली आई काय उत्तर देणार? ते पान आणि ती चित्रफीत तिच्या वतीने उत्तर देतील.

घरी काय टाळावे?

आपल्या जुन्या चालीरीतींत माया पुष्कळ आहे. पण काही गोष्टी आता सोडल्याच पाहिजेत. बाळाच्या नाकात तेल घालू नये. ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. ओवा-धूपाची धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल आणि घरातील विडी-सिगारेट यांचा धूर अशा मुलाच्या खोलीत नसावा. रंगपंचमीच्या गेरीचा गुलाल दुरूनच पाहावा. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. पालथे निजविल्याने आवाज कमी होत असला, तरी तान्ह्याला रात्री उताणेच निजवावे. वैद्यकीय कारणाने वेगळा सल्ला दिलेला असेल तरच तो पाळावा. 'डबा' झाला म्हणून पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची क्रूर प्रथा आपल्या प्रांतातील शहडोलसारख्या भागांत आणि महाराष्ट्रातील मेळघाटात अजून पुरती गेलेली नाही. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, आपल्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबांशी याविषयी बोलणे हेही आपले कर्तव्य आहे.

खोकल्याच्या औषधांबाबत तर आपल्या राज्याने फार मोठी किंमत मोजली आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत, असे केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने त्यानंतर स्पष्ट केले. औषध शुद्ध असले, तरी गुंगी आणणारे सिरप दुर्बल मुलाचा खोकला दाबते आणि कफ आतच साठतो. खोकला हा अशा मुलाचा शत्रू नसून पहारेकरी आहे.

तातडीने केव्हा निघावे?

• झोपेतील श्वास नेहमीच्या नोंदीपेक्षा स्पष्टपणे वाढले असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल.
• बाळ कण्हत असेल, नाकपुड्या फुलत असतील, किंवा मोठे मूल मान पुढे काढून श्वास घेत असेल.
• शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल.
• दूध-पाणी घेणे निम्म्यावर आले असेल, किंवा मूल सुस्त, न ओळखल्यासारखे दिसत असेल.
• ओठ, जीभ निळसर किंवा नेहमीपेक्षा अधिक निळी झाली असेल, किंवा झोपेत श्वास थांबत असेल.
• आवाज एकाएकी सुरू झाला असेल, किंवा मूल सुधारलेले नसताना एकाएकी बंद झाला असेल.

दीर्घ आजारी मुलाचे आईवडील वर्षानुवर्षे रात्री एका कानाने झोपतात. त्यांच्या मुलाच्या श्वासाचे ते आपल्यापेक्षा अधिक जाणकार असतात. "आज हा आवाज निराळा आहे" असे आई म्हणाली, तर तपासणी होईपर्यंत ते खरे मानावे, एवढे आपण डॉक्टरांनी ठरविले पाहिजे. आणि पालकांनी आपले ते ज्ञान मनात न ठेवता आकड्यांत व शब्दांत उतरवून ठेवले पाहिजे. ही स्मरणिका हाती आल्यावर ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने आज रात्री ते झोपल्यावर घड्याळ समोर ठेवून एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.